डायनोचे कागदी घोडे

समजा, एप्रिलमधल्या एका दुपारी पुण्यात एक मोटार डायनोवर चढवली आणि यंत्राने चाकांपाशी १०० अश्वशक्ती मोजली. संगणकाच्या पडद्यावरचा एक पर्याय बदलला की हाच आकडा ११० होतो. दुसरा पर्याय निवडला तर ११३. बीएचपीऐवजी पीएस हे एकक घेतले तर ११४. आणि ‘इंजिनापासून चाकांपर्यंत येताना १५ टक्के शक्ती वाटेत खर्च होते’ असे धरून इंजिनाचा आकडा काढला तर १३५. गाडी तीच, तिची धाव तीच, टाकीतले पेट्रोलही तेच. शंभराचे एकशे पस्तीस होईपर्यंत कोणी पान्याला हातही लावलेला नसतो.

अडचण अशी, की यातला एकही आकडा सरळसरळ खोटा म्हणता येत नाही. प्रत्येकामागे काही ना काही शास्त्र किंवा निदान रूढ पद्धत आहे. पण ग्राहकाच्या हातात जो आलेखाचा कागद पडतो, त्यावर ठळक अक्षरांत एकच आकडा असतो आणि तो कसा निघाला हे कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत, तेही नशीब असेल तर. एअर फिल्टर, एक्झॉस्ट किंवा संगणकीय ट्यूनिंगवर हजारो रुपये खर्चायचे की नाही, खर्चलेले वसूल झाले की नाही, याचा निवाडा त्याच एका आकड्यावर होतो. म्हणून हवामानाची दुरुस्ती करणारा हा ‘करेक्शन फॅक्टर’ काय असतो, हे गाडीमालकाने समजून घ्यायला हवे. आणि ज्या कागदावर मूळ मोजलेला आकडा, वापरलेले मानक आणि चाचणीच्या वेळची हवा या तीन गोष्टी छापलेल्या नाहीत, तो कागद मोजमाप म्हणून स्वीकारूच नये.

यंत्र नेमके काय मोजते?

डायनो अश्वशक्ती मोजत नाही, हे आधी लक्षात घ्यावे लागते. गाडीची चाके ज्या जड रोलरवर फिरतात, त्या रोलरला चाकांनी किती जोर लावला आणि तो किती वेगाने फिरला, एवढेच यंत्राला कळते. काही यंत्रांत ठरावीक वजनाचा रोलर किती झपाट्याने वेग घेतो, यावरून जोर काढतात. काहींत रोलरला ब्रेक लावून तो रोखायला किती बळ लागते, ते तोलतात. जोर आणि वेग यांच्या गुणाकारातून शक्ती निघते. जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाची तुलना घोड्यांशी करताना मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम म्हणजे एक अश्वशक्ती असे ठरवले. ती सुमारे ७४६ वॉट होते. युरोपातली मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे पीएस थोडी लहान, ७३५.५ वॉटची. त्यामुळे तीच शक्ती पीएसमध्ये सांगितली की आकडा जवळपास दीड टक्क्याने फुगतो. आपल्याकडच्या माहितीपत्रकांत दोन्ही एकके दिसतात आणि बोलताना दोन्हींना बिनदिक्कत ‘हॉर्सपॉवर’ म्हटले जाते.

मोजणी इथे संपते. पुढचे सगळे गणित आहे, आणि ते करावे लागते याचे कारण हवा.

पेट्रोल जाळणारे इंजिन हा मुळात हवेचा पंप आहे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल हवे तेवढे सोडता येते. हवा मात्र सिलिंडरमध्ये मावेल तेवढीच. म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाची कमाल शक्ती त्या क्षणी बाहेरच्या हवेत ऑक्सिजन किती दाटीने भरला आहे यावर ठरते. ती दाटी तीन गोष्टींनी बदलते. तापमान वाढले की हवा विरळ होते: १० अंशांच्या हवेपेक्षा ४० अंशांची हवा जवळपास १० टक्क्यांनी हलकी. उंचीवर गेले की दाब उतरतो: सुरुवातीच्या दर शंभर मीटरना एक टक्क्याहून थोडा अधिक. आणि दमटपणा वाढला की पाण्याची वाफ हवेतली जागा अडवते. मुंबईच्या जुलैत एकूण दाबातला तीन-साडेतीन टक्के वाटा नुसत्या वाफेचा असू शकतो, आणि वाफेवर पेट्रोल जळत नाही.

म्हणून तीच गाडी डिसेंबरच्या पहाटे जास्त शक्ती देते आणि मे महिन्याच्या दुपारी कमी. हा यंत्राचा किंवा मेकॅनिकचा दोष नव्हे. पण मग दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या गावांत मोजलेल्या आकड्यांची तुलना करायची कशी? यावरचा उपाय म्हणून मानक हवा ठरवली गेली. मोजलेला आकडा अशा एका गुणकाने गुणायचा, की ‘हीच गाडी त्या मानक हवेत चालली असती तर किती शक्ती दिली असती’ याचे उत्तर मिळावे. हाच तो करेक्शन फॅक्टर.

गुणकाच्या पोटात

अमेरिकेतील ‘सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स’ म्हणजे एसएई या संस्थेचे जे१३४९ हे मानक जगभरच्या डायनोवर सर्वाधिक दिसते. त्यातली मानक हवा २५ अंश सेल्सियसची आणि ९९० हेक्टोपास्कल दाबाची, तीही कोरडी. कोरडी म्हणजे एकूण दाबातून वाफेचा दाब वजा केलेला. या मानकाच्या सूत्रात तीन विचार एकत्र आले आहेत.

पहिला, ९९० ला त्या दिवशीच्या कोरड्या दाबाने भागायचे. दाब निम्मा झाला तर सिलिंडरमध्ये हवाही निम्मी जाणार, हे सरळ आहे. दुसरा विचार तापमानाचा, आणि तिथे पूर्ण प्रमाण न घेता वर्गमूळ घेतात. गरम हवा विरळ असली तरी ती व्हॉल्व्हच्या अरुंद वाटेतून अधिक वेगाने शिरते आणि इंजिनाच्या तापलेल्या भिंतींकडून तिला नव्याने उष्णताही कमी मिळते. त्यामुळे नुकसान घनतेच्या हिशेबाने व्हायला हवे तेवढे होत नाही. तिसरा विचार घर्षणाचा. इंजिनाचे पिस्टन, बेअरिंग, ऑइल पंप फिरवण्यात जी शक्ती खर्च होते, तिला हवामानाशी देणेघेणे नसते. हा खर्च १५ टक्के धरून सूत्र सिलिंडरमध्ये तयार झालेल्या शक्तीला दुरुस्त करते आणि घर्षणाचा वाटा तसाच ठेवते. म्हणून सूत्रात १.१८ ने गुणणे आणि शेवटी ०.१८ वजा करणे येते.

हे सूत्र महाराष्ट्राच्या हवेत घालून पाहिले की चित्र स्पष्ट होते. मुंबईत जानेवारीतल्या सकाळी २० अंश तापमान, १०१४ हेक्टोपास्कल दाब आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर गुणक येतो सुमारे ०.९८. म्हणजे मोजलेल्या शक्तीतून दोन टक्के कापायचे, कारण हवा मानकापेक्षा सरस होती. त्याच मुंबईत जुलैत २९ अंश, १००४ हेक्टोपास्कल आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर गुणक १.०३. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, त्यामुळे तिथला प्रत्यक्ष दाब ९४५ ते ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास. हिवाळ्यात १८ अंशांच्या सुखद सकाळीसुद्धा तिथे गुणक १.०५ येतो आणि एप्रिलच्या ३८ अंशांच्या दुपारी तो १.१० वर पोहोचतो. सुरुवातीच्या उदाहरणातली १०० वरून ११० ची उडी हीच. दख्खनच्या पठारावर हा गुणक नगण्य नसतो, तो निकालाचा मोठा भाग असतो. म्हणूनच इथल्या ग्राहकाला तो कळणे अधिक गरजेचे.

मानके मात्र एक नाहीत. अनेक डायनोंच्या संगणकात ‘एसटीडी’ नावाचा पर्याय असतो. तो एसएईच्याच जुन्या जे६०७ या मानकावरून आलेला आहे. त्याची मानक हवा १५.६ अंशांची आणि १०१३ हेक्टोपास्कलची, म्हणजे समुद्रकाठच्या थंड दिवसाची. शिवाय घर्षणाचा विचार त्यात नाही. साहजिकच तो आकडा तीन-चार टक्क्यांनी वर जातो. जर्मनीच्या जुन्या डीआयएन ७००२० या मानकाची हवा या दोहोंच्या मधली, २० अंशांची. यांपैकी कोणतेही मानक वापरणे गैर नाही. गैर आहे ते ट्यूनिंगच्या आधीची धाव एका मानकात आणि नंतरची दुसऱ्या मानकात छापणे. १२० अश्वशक्तीच्या गाडीत एवढ्यानेच चार-पाच घोडे वाढतात, आणि चांगल्या एअर फिल्टरच्या जाहिरातीत साधारण तेवढ्याच वाढीची आशा दाखवलेली असते.

कागद बदलला की घोडे पळतात

मोजण्याची रीत बदलली की शक्ती बदलते, याचा सर्वात मोठा धडा अमेरिकेने घेतला. १९७१ पर्यंत तिथल्या कंपन्या ‘ग्रॉस’ अश्वशक्ती सांगत. इंजिन टेबलावर ठेवायचे, अल्टरनेटर, एअर क्लीनर, गाडीतला खरा एक्झॉस्ट अशी शक्ती खाणारी सगळी मंडळी काढून टाकायची आणि मग मोजायचे. १९७२ च्या मॉडेलांपासून ‘नेट’ आकडे आले, गाडीत इंजिन जसे बसते तशा अवस्थेतले. काही गाड्यांची कागदावरची शक्ती एका वर्षात प्रचंड घसरली. प्रदूषणाच्या नियमांमुळे इंजिनेही त्या काळात खरोखर मवाळ होत होती, पण घसरणीचा मोठा भाग नुसत्या कागदाचा होता.

दुसरा धक्का २००५ मध्ये बसला. एसएईने जे१३४९ मधल्या पळवाटा बुजवल्या आणि स्वतंत्र साक्षीदारासमोर चाचणी करून शक्ती प्रमाणित करण्याची पद्धत आणली. टोयोटाच्या कॅमरी गाडीतले व्ही-६ इंजिन त्या फेऱ्यात २१० वरून १९० अश्वशक्तीवर आले. इंजिन तेच होते. उलट शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट झेड०६ चे इंजिन ५०० वरून ५०५ वर गेले. कडक नियम म्हणजे आकडे खालीच येणार असे नसते. नियम कडक झाले की आकड्याला अर्थ येतो, एवढेच.

ग्राहकाच्या हातात डायनो किती प्रभावी ठरू शकतो, हे १९९९ साली दिसले. फोर्डच्या मस्टँग कोब्रा गाडीची शक्ती ३२० अश्वशक्ती असल्याचे जाहीर झाले होते. मालकांनी गाड्या डायनोवर चढवल्या तेव्हा आकडे त्याला साजेसे येईनात. अखेर कंपनीने विक्री थांबवली आणि विकलेल्या गाड्यांमधले काही भाग बदलून दिले. हे शक्य झाले, कारण वेगवेगळ्या ठिकाणी घेतलेले आकडे एकमेकांशी ताडता येत होते. गुणकच नसता किंवा प्रत्येकाने मनाला येईल तो वापरला असता, तर कंपनीला ‘तुमच्या गावची हवा खराब’ म्हणून हात झटकता आले असते. करेक्शन फॅक्टर हा फसवणुकीचा शोध नाही. प्रामाणिकपणे वापरला तर तो ग्राहकाच्याच बाजूचा पुरावा आहे.

टर्बोचा पेच

आजची मोठी गोची मात्र वेगळ्या जागी आहे. वर सांगितलेले सूत्र ज्या इंजिनांसाठी बनले ती बाहेरची हवा आपल्याच श्वासाने आत ओढतात. आता रस्त्यावरच्या जवळपास सगळ्या डिझेल गाड्या आणि कितीतरी छोट्या पेट्रोल गाड्या टर्बोच्या आहेत. टर्बोचार्जर हवा दाबून आत भरतो. आणि आधुनिक इंजिनाचा संगणक बहुधा इनटेक मॅनिफोल्डमधला एकूण दाब ठरावीक पातळीवर राखतो. समजा ही पातळी २००० हेक्टोपास्कल आहे. मुंबईत टर्बोला त्यासाठी साधारण १००० ची भर घालावी लागेल, पुण्यात १०५५ ची. टर्बो थोडा जास्त फिरेल, हवा थोडी जास्त तापेल, इंटरकूलर तिला बरीच थंड करेल. इंजिनाला मिळणारी हवा मात्र जवळपास तेवढीच. म्हणजे पुण्याच्या उंचीमुळे जे नुकसान झालेच नाही, त्याची भरपाई गुणक देऊन टाकतो. १२० अश्वशक्ती देणारी गाडी कागदावर १३२ ची होते.

याचा अर्थ टर्बो गाडीला दुरुस्ती लागतच नाही असाही नाही. जुन्या धाटणीचा, नुसत्या स्प्रिंगवर चालणारा वेस्टगेट बाहेरच्या दाबावर ठरावीक भर घालतो. तिथे उंचीचा तोटा काही अंशी होतोच. टर्बो आपल्या कमाल वेगाच्या जवळ असेल तर त्याला आणखी फिरायला वाव उरत नाही. आणि उन्हाळ्यात हवा फार तापली की इंजिनाचा संगणक नॉकिंग टाळायला ठिणगी उशिरा पाडतो. त्यातून गेलेली शक्ती कोणत्याच सूत्रात नाही.

वाहनांच्या अधिकृत चाचण्यांसाठीचा संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा नियम क्रमांक ८५ हे वेगळेपण डिझेलपुरते मान्य करतो. त्यात टर्बो डिझेलसाठी दाब आणि तापमान यांचे घातांक निराळे आहेत, आणि प्रत्येक आवर्तनात किती इंधन सोडले जाते यावरून गुणकाची तीव्रता ठरते. पुण्याच्या त्याच ३८ अंशांच्या दुपारी या पद्धतीने एखाद्या डिझेल इंजिनाची दुरुस्ती तीन टक्के येते, तर दुसऱ्याची साडेतेरा टक्क्यांच्या घरात जाते. हवा एकच, पण इंजिनाची जात पाहिल्याशिवाय गुणक ठरत नाही. गॅरेजमधल्या संगणकात मात्र बहुतेकदा एकच खटका असतो आणि तो सगळ्या गाड्यांना सारखाच लावला जातो.

याच नियमात आणखी एक शहाणपण आहे. पेट्रोल इंजिनाची चाचणी १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान व्हावी आणि गुणक ०.९३ ते १.०७ या हद्दीत राहावा, असे तो सांगतो. हद्द ओलांडली तर दुरुस्त आकड्याबरोबर चाचणीच्या वेळचे तापमान आणि दाब अहवालात नेमके नोंदवणे बंधनकारक आहे. सूत्र हा अंदाज आहे आणि मानक हवेपासून जितके दूर जावे तितका तो कच्चा होतो, याची ही कबुली. कंपन्यांच्या प्रयोगशाळांत चाचणीच्या खोलीची हवाच थंड-गरम करून मानकाजवळ आणतात. दुरुस्ती जितकी लहान, तितकी चूक लहान. पत्र्याच्या शेडमध्ये ३८ अंशांत घेतलेल्या धावेला ही सोय नाही. निदान तिने स्वतःची परिस्थिती लपवू नये.

दोन साध्या चुका

सूत्र बरोबर असले तरी त्यात जाणारे आकडे चुकू शकतात. डायनोसोबत तापमान, दाब आणि आर्द्रता टिपणारी छोटी पेटी असते. ती कुठे टांगली आहे हे पाहण्यासारखे असते. इंजिनाने ओढलेली हवा ३८ अंशांची आहे, पण पेटी रेडिएटरच्या झोतात टांगल्यामुळे ५० अंश दाखवते आहे, असे झाले तर पुण्याच्या उदाहरणातला गुणक १.१० वरून १.१२ च्या पुढे सरकतो. दोन टक्क्यांहून जास्त शक्ती एका खिळ्याच्या जागेतून येते.

दुसरी चूक दाबाची. हवामानाच्या बातम्यांत आणि मोबाइलवर दिसणारा दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. वेगवेगळ्या उंचीवरच्या ठिकाणांचा नकाशा काढायला ते सोयीचे. त्या पद्धतीत पुण्याचा दाब १००८ दिसेल, प्रत्यक्षात इंजिनाला मिळतो ९४५. कोणी मोबाइलवरचा आकडा डायनोत भरला, तर गुणक १.१० ऐवजी १.०२ येईल आणि बिचाऱ्या गाडीवर अन्याय होईल. चूक नेहमी दुकानदाराच्या फायद्याचीच असते असे नाही. म्हणून तर हवेचे आकडे कागदावर हवेत. ते छापलेले असले की जाणकार माणूस दोन मिनिटांत चूक पकडू शकतो.

चाकांवरचा आकडा आणि इंजिनाचा आकडा यांची गल्लतही इथेच मिटवायला हवी. हवामानाची दुरुस्ती आणि गिअरबॉक्स, टायर यांतला खर्च या दोन वेगळ्या बाबी आहेत. दुसरी बाब गाडीगणिक, गिअरगणिक, टायरमधल्या हवेगणिक बदलते. ‘सरसकट १५ टक्के’ हा ठोकताळा आहे. काही डायनो क्लच सोडून चाके थांबेपर्यंतचा विरोध मोजतात, ते त्याहून बरे. पण ट्यूनिंगमुळे काय फरक पडला एवढेच पाहायचे असेल, तर चाकांवरचा आकडा पुरेसा आहे. त्यात अंदाज मिसळायची गरजच नाही.

कच्चा आकडा तरी खरा का?

या गोंधळाला वैतागून काही जण म्हणतात, दुरुस्ती फेकून द्या, यंत्राने मोजले तेच खरे. हा टोकाचा उपायही चुकीचा आहे. वैद्यकशास्त्रातले एक उदाहरण इथे चपखल बसते. दम्याच्या रुग्णाची स्पायरोमेट्री करताना तो नळीत जोरात फुंकतो. फुप्फुसात ही हवा ३७ अंशांची आणि वाफेने भरलेली असते. यंत्रापर्यंत येऊन ती खोलीच्या तापमानाला थंडावली की आकसते. म्हणून मोजलेले आकारमान गुणकाने वाढवून शरीराच्या तापमानाला आणतात. खोली २५ अंशांची असेल तर ही वाढ सुमारे साडेसात टक्के असते. ती न करता औषध ठरवले तर बरे फुप्फुस आजारी दिसू शकेल. तिथे दुरुस्ती हवीच. पण तिथे गुणक ठरलेला आहे, खोलीच्या तापमानाची नोंद होते आणि ‘रुग्णाला बरे वाटावे’ म्हणून तंत्रज्ञ दुसरा गुणक निवडत नाही. डायनोला कमी पडते ती ही शिस्त. विज्ञान तिथे आधीपासूनच आहे.

कच्चा आकडा त्या दिवसाचे सत्य सांगतो, दुरुस्त आकडा तुलनेसाठी असतो. दोघांची कामे वेगळी आहेत आणि म्हणून दोन्ही हवेत. उन्हाळ्यात ट्यूनिंगच्या आधी सकाळी आणि नंतर भर दुपारी धाव घेतली तर नुसत्या कच्च्या आकड्यांवरून चांगले काम वाईट ठरेल. हिवाळ्यात उलट वेळा निवडल्या तर वाईट काम चांगले दिसेल. तिथे गुणकच न्याय करतो. मात्र गुणक १.१० असेल आणि ट्यूनिंगचा फायदा चार टक्के दाखवला जात असेल, तर शंका घ्यायला जागा आहे, कारण अंदाज फायद्यापेक्षा मोठा झाला.

गॅरेजवाल्यांचे म्हणणे असते, की ग्राहकाला एवढे कळत नाही, त्याला एक आकडा हवा असतो. हे अर्धे खरे आहे. रक्ताच्या अहवालातली चाचणीची पद्धत आणि सामान्य मर्यादा हेही बहुतेक रुग्णांना कळत नाही, तरी ते छापले जाते, कारण दुसऱ्या डॉक्टरला ते वाचता यावे. डायनोचा कागदही दुसऱ्या मेकॅनिकला वाचता आला पाहिजे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. जवळपास प्रत्येक डायनोचा संगणक हे सगळे आधीच साठवतो; फक्त छापताना ते दाखवायचे.

ग्राहकाने मागायच्या गोष्टी थोड्याच आहेत. दुरुस्तीआधीचा आकडा. मानकाचे नाव. वापरलेला गुणक. चाचणीच्या वेळचे तापमान, प्रत्यक्ष दाब आणि आर्द्रता. एकक बीएचपी की पीएस, आणि शक्ती चाकांवरची की इंजिनाची. एकाऐवजी निदान तीन धावा, म्हणजे यंत्राच्याच आकड्यांत किती चढउतार आहे ते कळेल. तीन धावांत तीन अश्वशक्तींचा फरक पडत असेल तर दोन अश्वशक्तींच्या वाढीचा दावा ऐकायचे कारण नाही. ट्यूनिंगच्या आधीच्या आणि नंतरच्या धावा त्याच डायनोवर, त्याच गिअरमध्ये, त्याच मानकात आणि शक्यतो त्याच दिवशी. टर्बो गाडी असेल तर दुरुस्त नसलेले दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, आणि मॅनिफोल्डमधला दाब नोंदलेला असेल तर तोही. जो ट्यूनर हे विनातक्रार देतो, त्याच्या कामावर विश्वास ठेवायला आधार मिळतो. चांगले काम करणाऱ्यांचा यात तोटा नाही, उलट फुगवलेल्या आकड्यांशी स्पर्धा करण्याच्या जाचातून त्यांचीच सुटका होते.

आणि दुरुस्त आकडा कितीही प्रामाणिक असला, तरी तो २५ अंशांच्या मानक दिवसाचा आहे, हे गाडी चालवताना विसरू नये. दरवर्षी महाराष्ट्रातून कितीतरी जण गाड्या आणि मोटारसायकली घेऊन लडाखला जातात. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाहून थोडा कमी असतो. तिथे हेच सूत्र लावले तर ते मोजलेल्या शक्तीत जवळपास ६० टक्के भर घालेल आणि कागदावर गाडी पुन्हा मुंबईतल्यासारखी तगडी दिसेल. पण टर्बो नसलेल्या इंजिनाकडे तिथे तिसरा हिस्सा शक्ती खरोखरच नसते. घरच्या घाटातही, मे महिन्यात, पाच माणसे, सामान आणि एसी चालू असताना समोरच्या ट्रकला ओलांडायला किती अंतर लागेल, हे गुणक लावण्याआधीची शक्ती ठरवते. ओव्हरटेक करायचा तर हिशेब तिचाच धरावा लागतो.